सुप्यात वाचलेली अमेरिकन कविता : प्रस्तावना

समकालीन अमेरिकन कवितेच्या या निवडीत एकही कविता छापलेली नाही, हे आधीच सांगून टाकतो. कवींची नावं आहेत, कवितांची शीर्षकं आहेत, त्या कुठे वाचायला मिळतील याची माहिती आहे आणि प्रत्येकीवर एक टिपण आहे. कारण व्यवहाराचं आहे. आपल्या कायद्याप्रमाणे कवीच्या हयातीत छापल्या गेलेल्या लेखनावर त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो आणि भाषांतर छापायचं तरी परवानगी लागते. रॉबर्ट फ्रॉस्ट, सिल्व्हिया प्लाथ आणि विल्यम कार्लोस विल्यम्स हे तिघेही १९६३ च्या जानेवारी ते मार्च या काळात गेले. त्यांच्या हयातीत छापलेलं लेखन आपल्याकडे मोकळं व्हायला २०२३ साल संपावं लागलं. त्यांच्यानंतरचं बहुतेक सगळं अजून बंद दाराआड आहे. परवानगीसाठी पाठवलेल्या काही पत्रांना उत्तर आलं नाही. ज्यांचं आलं त्यांनी कळवलेली रक्कम वाचून आम्ही पत्र घडी घालून ठेवलं. समकालीन कविता म्हणजे जिच्यासाठी पत्र लिहावं लागतं ती, अशी एक व्याख्या त्यातून आमच्या हाती लागली आणि ती तशी वाईट नाही.

हे फक्त गरिबाचं दुखणं आहे असंही नाही. रिटा डव्ह या स्वतः अमेरिकेच्या राजकवी राहिलेल्या. त्यांनी २०११ मध्ये पेंग्विनसाठी विसाव्या शतकातल्या अमेरिकन कवितेचा मोठा संग्रह केला. त्यात प्लाथ नाही आणि ॲलन गिन्सबर्गही नाही, कारण त्यांच्या कवितांसाठी मागितलेले पैसे परवडले नाहीत. वाचकाला वाटतं, संपादकाला आवडलं नसेल म्हणून गाळलं. संग्रहातल्या कित्येक रिकाम्या जागा मात्र हिशेबाच्या वहीत पडलेल्या असतात.

आम्ही म्हणजे सुप्यातला एक वाचनगट. पुणे-नगर रस्त्यावरून जाणाऱ्यांना सुपा माहीत असतं ते एमआयडीसीमुळे, तिथल्या जपानी कारखान्यांमुळे आणि आजूबाजूच्या डोंगरांवरच्या पवनचक्क्यांमुळे. आमचा पारनेर तालुका पर्जन्यछायेतला; कांदा, बाजरी, मूग आणि बेभरवशाचा पाऊस. गटात दोन-तीन शिक्षक, कारखान्यात पाळीवर जाणारे काही जण, एक परिचारिका, एक कांदा उत्पादक. इंग्रजी सगळ्यांना सारखं येत नाही. ज्याला येतं तो मूळ कविता मोठ्याने वाचतो, मग साध्या मराठी गद्यात ओळीमागून ओळ सांगतो, आणि मग भांडण सुरू होतं. ही निवड त्या भांडणांतून झाली आहे.

सुप्यात बसून अमेरिकन कविता निवडण्याचा अधिकार तुम्हाला कुणी दिला, असं एका परिचितांनी विचारलं. प्रश्न रास्त आहे, पण नगर जिल्ह्याला तो विचारणं थोडं गमतीचं आहे. अमेरिकन मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत स्थिरावले आणि १८३१ मध्ये त्यांनी अहमदनगरला ठाणं केलं. त्यांचं ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक १८४२ मध्ये नगरहूनच निघालं. पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळक याच मिशनच्या सावलीत राहून अभंग-ओव्यांच्या चालीवर ख्रिस्ताची गाणी लिहीत होते. कवितेची उलटी वाहतूकही इथूनच झाली. अमेरिकन मराठी मिशनमध्ये आयुष्य घालवलेले जस्टिन ॲबट निवृत्तीनंतर न्यू जर्सीला गेले आणि तिथे बसून त्यांनी भानुदास, एकनाथ, बहिणाबाई, तुकाराम अशी मराठी संतकवींची इंग्रजी मालाच काढली. १९३२ मध्ये ते वारले. महिपतींच्या ‘भक्तविजया’चं भाषांतर त्यानंतर, सहकारी नरहर गोडबोले यांच्या नावासह छापून आलं. न्यू जर्सीतला एक म्हातारा तुकाराम निवडू शकत होता, तर आम्ही डेट्रॉइटचा कवी फिलिप लेव्हिन का निवडू नये?

आणि महिपती तर आमचेच; राहुरी तालुक्यातल्या ताहाराबादचे. १७६२ मध्ये पुरा झालेला ‘भक्तविजय’ हाही एका अर्थी संग्रहच आहे. त्यात नामदेव, चोखामेळा, गोरोबा आहेतच, शिवाय कबीर, रोहिदास, मीराबाई, नरसी मेहता आहेत. दुसऱ्या भाषांतले, दुसऱ्या मुलखांतले भक्त त्यांनी ओवीत आणून ताहाराबादच्या श्रोत्यांपुढे बसवले. नाभाजी आणि उद्धवचिद्घन यांच्या ग्रंथांवरून आपण हे घेतलं, असं त्यांनी सांगूनही ठेवलं आहे. कुठून घेतलं आणि कुणासाठी घेतलं हे उघड सांगणारा संपादक मला सगळ्यांत विश्वासू वाटतो. अमेरिकेतल्या कित्येक नामांकित संपादकांना हे जमलेलं नाही.

मराठीत अमेरिका आली ती मुख्यतः गद्यातून. दुर्गाबाई भागवतांनी थोरो आणला, पुलंनी हेमिंग्वेचा कोळी आणला, जी. एं.नी कॉनरॅड रिक्टरच्या कादंबऱ्या आणल्या. मंगेश पाडगावकरांसारखा कवी अनेक वर्षं मुंबईच्या अमेरिकन माहिती खात्यात नोकरीला होता. तरी अमेरिकन कविता मराठी वाचकाच्या घरात फारशी शिरली नाही. ती कवींच्या खोलीत मात्र शिरली. १९६२-६३ मध्ये भारतात राहून गेलेला गिन्सबर्ग मुंबईच्या कवींना भेटला. दिलीप चित्रे १९७५ ते १९७७ आयोवाच्या लेखक-कार्यक्रमात होते. अरुण कोलटकर अमेरिकन कविता किती बारकाईने वाचत, हे त्यांच्या बोलीवरून, त्यांच्या ब्लूजच्या वेडावरून कळतं. दुसरा रस्ता औरंगाबादहून गेला. म. ना. वानखडे अमेरिकेत शिकून आले आणि तिथल्या काळ्या लेखकांविषयी बोलू लागले, जनार्दन वाघमारे यांनी अमेरिकन निग्रो साहित्यावर मराठीत पुस्तक लिहिलं, आणि १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती ओकलंडच्या ब्लॅक पँथरचं नाव घेऊन. नामदेव ढसाळांचं ‘गोलपिठा’ त्याच सालचं. ‘कोंडवाडा’ लिहिणारे दया पवार अकोले तालुक्यातल्या धामणगावचे, म्हणजे पुन्हा नगरचेच. तेव्हा अमेरिकन कवितेशी मराठीची सगळ्यांत खरी ओळख विद्यापीठांच्या इंग्रजी विभागांनी करून दिली, हे मला मान्य नाही. ती दलित चळवळीने करून दिली आणि त्या ओळखीत नुसतं कौतुक नव्हतं, नातं सांगणं होतं.

अमेरिकेत संग्रहांचा इतिहास हा मारामारीचा इतिहास आहे. १९५७ मध्ये डोनाल्ड हॉल, रॉबर्ट पॅक आणि लुई सिम्प्सन यांनी इंग्लंड-अमेरिकेतल्या नव्या कवींचा संग्रह काढला. बांधेसूद, छंदात लिहिणारे, विद्यापीठांत रुळलेले कवी. १९६० मध्ये डोनाल्ड ॲलनने ‘द न्यू अमेरिकन पोएट्री’ काढला, त्यात ४४ कवी. दोन्ही पुस्तकं त्याच देशाबद्दल, त्याच काळाबद्दल बोलत होती आणि दोन्हींत मिळून एकही अमेरिकन कवी सामाईक नव्हता. ॲलनच्या पुस्तकाने बंडखोरांना जागा दिली म्हणून आजही त्याचे गोडवे गातात. पण त्या ४४ जणांत बायका चारच, आणि काळा कवी एकच, लरॉय जोन्स. बंडखोरांच्या पंगतीतही कुणाला उभं ठेवायचं ते ठरलेलं असतं.

१९८८ मध्ये डेव्हिड लेहमन यांनी ‘द बेस्ट अमेरिकन पोएट्री’ हा वार्षिक संग्रह सुरू केला. दरवर्षी नवा पाहुणा संपादक असे. १९९६ चा अंक ॲड्रियन रिच यांनी केला. कैदी, स्थलांतरित, नावारूपाला न आलेले असे बरेच आवाज त्यांनी घेतले. दोन वर्षांनी हॅरल्ड ब्लूम यांनी पहिल्या दहा अंकांमधून ‘उत्तमातलं उत्तम’ निवडलं, तेव्हा रिचबाईंच्या अंकातली एकही कविता घेतली नाही, आणि का घेतली नाही यावर रागाने भरलेली प्रस्तावना लिहिली. रिटा डव्ह यांच्या संग्रहाचंही तेच झालं. हेलन व्हेंडलर या मोठ्या समीक्षक बाई. त्यांचा आक्षेप असा की एका शतकात १७५ वाचनीय कवी होतातच कुठे? डव्ह यांनीही तितकंच कडक उत्तर दिलं. या वादात मी डव्ह यांच्या बाजूचा आहे. शतकात किती कवी होतात हे आधी ठरवून मग वाचायला बसणं ही मला समीक्षा वाटत नाही. पण व्हेंडलरबाईंच्या म्हणण्यात एक तथ्य उरतं: प्रत्येकाला थोडं थोडं दिलं की कुणाचंच पोट भरत नाही. म्हणून आम्ही कवी कमी घेतले आणि प्रत्येकाच्या कविता जास्त. ‘उत्तम’ हा शब्द मुखपृष्ठावर येऊ दिला नाही.

आमची कसोटी एकच होती. मोठ्याने वाचल्यावर आणि साध्या गद्यात सांगितल्यावर कवितेत काय उरतं? मूळ भाषेतला नाद जातो, तो जाणारच. तरीही ऐकणारा पुढे सरकून बसला तर कविता ठेवायची. या कसोटीने काही थोरांवर अन्याय झाला आहे. जॉन ॲशबेरी यांच्याशिवाय विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली अमेरिकन कविता सांगता येत नाही, असं तिकडे म्हणतात. खरं असेल. त्यांच्या कविता आम्ही चिकाटीने वाचल्या. वाक्य जिथे वळतं तिथलं सौंदर्य इंग्रजीतच राहतं आणि हाती येतो तो नुसता संभ्रम. त्यांना वगळलं. गिन्सबर्गला वगळलं ते वेगळ्या कारणाने: मराठी वाचकाला अमेरिकन कवी म्हणून तोच एक ठाऊक असतो.

फिलिप लेव्हिनवर सगळ्यांचं एकमत झालं. हा १९२८ मध्ये डेट्रॉइटमध्ये जन्मलेला. पोरवयापासून कारखान्यांत राबला, मोटारींच्या कारखान्यांतही. नंतर कॅलिफोर्नियात फ्रेस्नोला शिक्षक झाला, ८३ व्या वर्षी राजकवी. १९९१ च्या ‘व्हॉट वर्क इज’ या संग्रहाला राष्ट्रीय ग्रंथ पुरस्कार मिळाला. त्यातल्या शीर्षककवितेत माणसं भुरभुर पावसात कारखान्याबाहेर रांगेत उभी आहेत. काम मिळेल की नाही ठाऊक नाही. पुढे कुठेतरी बसलेला एक माणूस कुठल्याही कारणाने किंवा कारणाशिवाय नाही म्हणू शकतो. रांगेतल्याला समोर आपला भाऊ दिसल्यासारखं वाटतं, पण तो भाऊ नसतो. भाऊ घरी रात्रपाळीचा थकवा झोपून काढतो आहे, कारण उठून त्याला जर्मन शिकायचं आहे, गाणं गायचं आहे. आणि मग लक्षात येतं की या भावाला आपण कधी जवळ घेऊन सांगितलेलं नाही की तू मला हवा आहेस. कवितेत मालकाविरुद्ध घोषणा नाही. काम म्हणजे काय, या प्रश्नाचं उत्तर ती रांगेतून काढून थेट घरात नेते.

आमच्यातला एक जण ठेकेदाराकडे कंत्राटावर आहे. सकाळी गेटवर उभं राहून, आज किती माणसं लागणार ते सुपरवायझरच्या तोंडून ऐकायची त्याला सवय. तो म्हणाला, हा माणूस रांगेत उभा राहिलेला आहे, हे लांबून बघून लिहिलेलं नाही. लेव्हिनवर इंग्रजीत बरंच लिहिलं गेलं आहे. इतकं थोडक्यात मी कुठे वाचलं नाही. मला मात्र कवितेची रचना सांगावीशी वाटते: वाक्य संपायच्या आत ओळ तुटते, पुढच्या ओळीवर पाय ठेवेपर्यंत वाट पाहावी लागते, आणि वाट पाहण्याची कविता वाचणाऱ्यालाही ताटकळत ठेवते. ओळ कुठे तोडली आहे ते अमेरिकन कवितेत बघत जा. छंद सोडल्यावर त्या कवींनी आपली बरीचशी कारागिरी तिथे नेऊन ठेवली आहे.

टेड कूसर नेब्रास्काचा, विमा कंपनीत नोकरी केलेला. पहाटे उठून लिहायचं आणि मग कचेरी गाठायची. कर्करोगातून उठल्यावर रोज सकाळी चालायला जाऊन त्याने मित्राला पोस्टकार्डांवर छोट्या कविता पाठवल्या. त्यांचं पुस्तक २००० मध्ये आलं. शेत, कुंपण, थंडी आणि जुनी अवजारं हेच त्याचे विषय. तिकडचे काही समीक्षक त्याला फार सोपा म्हणतात. आमच्या कांदा उत्पादकाने त्याच्या कविता स्वतः उतरवून घेतल्या; मी समीक्षकांशी नाही, या उत्पादकाशी सहमत आहे.

गझलेचा भाग मराठी वाचकाला सगळ्यांत जवळचा जाईल. ऐजाज अहमद यांनी अमेरिकन कवींना गालिबची कच्ची भाषांतरं देऊन त्यांच्याकडून इंग्रजी रूपं करवून घेतली. १९७१ मध्ये पुस्तक आलं. त्यात ॲड्रियन रिच, डब्ल्यू. एस. मर्विन यांच्यासारखे कवी होते. मग अमेरिकेत काफिया-रदीफ नसलेल्या गझलांचं पीक आलं. श्रीनगरमध्ये वाढलेले, अमेरिकेत स्थायिक झालेले आगा शाहिद अली यावर चिडले आणि नियम पाळणाऱ्या इंग्रजी गझलांचा संग्रहच त्यांनी २००० मध्ये संपादित केला. पुढच्याच वर्षी ते गेले. माधव जूलियनांची ‘गज्जलांजली’ आणि नंतर सुरेश भटांनी घालून दिलेली शिस्त ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे भांडण ओळखीचं वाटेल. जेरिको ब्राउन या काळ्या कवीने पुढे गझल, सुनीत आणि ब्लूज यांच्या मिश्रणातून ‘डुप्लेक्स’ नावाचा चौदा ओळींचा घाट केला. त्याच्या ‘द ट्रॅडिशन’ या संग्रहाला २०२० चं पुलित्झर मिळालं. डुप्लेक्समध्ये ओळ थोडी बदलून परत येते आणि परत आल्यावर तिचा अर्थ फिरलेला असतो. पिंपळनेरला निळोबारायांच्या कीर्तनात ध्रुपद ऐकणाऱ्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

मूळ निवासी कवींना आम्ही मुद्दाम जास्त जागा दिली. जॉय हार्जो या मस्कोगी कवयित्री २०१९ मध्ये राजकवी झाल्या, मूळ निवासींपैकी पहिल्याच. लेली लाँग सोल्जर यांच्या ‘व्हेअरॅज’ या २०१७ च्या पुस्तकाचा मला सगळ्यांत धसका बसला. २००९ मध्ये अमेरिकन काँग्रेसने मूळ निवासींची माफी मागणारा ठराव केला, ओबामांनी सही केली, पण सहीच्या वेळी मूळ निवासींपैकी कुणाला समोर बोलावलं नाही आणि स्वतः तो जाहीरपणे वाचून दाखवलाही नाही. कवयित्री त्या ठरावाच्याच मसुद्याचा साचा घेते आणि त्यात आपल्या घरच्या गोष्टी भरते. शासन निर्णय वाचून ज्यांचे डोळे दुखले आहेत, त्यांनी ही कविता जरूर वाचावी. त्याच पुस्तकातली दुसरी कविता २६ डिसेंबर १८६२ ला लिंकनच्या आदेशाने फाशी दिलेल्या ३८ डाकोटा पुरुषांची आहे. गुलामांच्या मुक्तीचा जाहीरनामा सही व्हायला तेव्हा आठवडाही उरला नव्हता. कविता कमालीच्या सरळ, शाळकरी वाक्यांत चालते. राग कुठेही वर येत नाही, आणि म्हणून वाचवत नाही.

क्लॉडिया रँकिन यांचं ‘सिटिझन’ (२०१४) कविता आहे की गद्य, यावर आमच्याकडे दोन बैठका गेल्या. त्यात एका पानावर मारल्या गेलेल्या काळ्या माणसांची नावं आहेत आणि नव्या छपाईगणिक ती यादी वाढत गेली. नोबेल मिळालेल्या लुईज ग्लक यांच्या ‘द वाइल्ड आयरिस’मधली फुलं माळ्याशी बोलतात आणि माळी देवाशी; देवाशी भांडण्याची सवय असलेल्या मराठी कानांना हे अपरिचित वाटू नये. ट्रेसी स्मिथ, इल्या कामिन्स्की, नॅटली डियाझ यांच्याविषयी टिपणांत सविस्तर आहे, इथे थांबतो.

वाचायचं कसं, याबद्दल एकच सूचना. कवीचं चरित्र, पुरस्कार, पंथ हे सगळं टिपणाच्या शेवटी ठेवलं आहे, तुम्हीही ते शेवटीच वाचा. आधी कविता ऐका, शक्य असेल तर दुसऱ्याच्या तोंडून. शिकागोचं ‘पोएट्री’ मासिक १९१२ मध्ये हॅरिएट मन्रो यांनी सुरू केलं. त्याच वर्षी डिसेंबरात त्यांनी रवींद्रनाथांच्या कविता छापल्या, नोबेलच्या आधी. त्या मासिकाचे जुने अंक आज त्याच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. अकॅडमी ऑफ अमेरिकन पोएट्स या संस्थेच्या संकेतस्थळावर रोज एक कविता येते आणि बऱ्याच कविता कवीच्या आवाजात ऐकायलाही मिळतात. कारखान्याच्या बसमध्ये बसून हे करता येतं, आमच्यातले काही करतातही.

या यादीत उणिवा आहेत. कविता वाचून झाल्यावर आमच्या यादीतलं कोण गाळावं आणि कोण घ्यावं ते कळवा, पण गाळायचं असेल तर त्या कवीच्या निदान तीन कविता मोठ्याने वाचून मग कळवा. पाथर्डीत, शेवगावात, जामखेडला कुणी अशीच आपली वेगळी यादी केली तर तिची एक प्रत आम्हाला हवी आहे.